'तेव्हा ठाऊक नव्हते' ही सबब

पर्यावरणाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत मिनामाटाची हकिकत तीन-चार ओळींत उरकलेली असते. जपानमधल्या एका कारखान्याने समुद्रात पारा सोडला, तो मासळीत उतरला, मासळी खाणारी माणसे लुळीपांगळी झाली, कित्येक दगावली. पुढे शास्त्रज्ञांनी कारण शोधले आणि जग शहाणे झाले. यातले एकही वाक्य खोटे नाही, तरी सगळी हकिकत फसवी आहे. ती वाचणाऱ्याच्या मनात असा समज रुजतो की हा अनर्थ अज्ञानातून घडला, विज्ञान तेव्हा तेवढे पुढे गेलेले नव्हते आणि कळले तेव्हा उपाय झाला. हा कारखाना चालवणाऱ्या चिस्सो कंपनीने न्यायालयात हाच बचाव केला, जपानच्या सरकारनेही पुढे अनेक वर्षे त्याच आधारावर आपली जबाबदारी झटकली. समुद्रात काही सोडले जाते आणि कोणी संशोधक त्यावर बोट ठेवतो, तेव्हा आजही पहिले उत्तर त्याच वळणाचे असते: अजून नक्की काही कळलेले नाही. मिनामाटाचा घटनाक्रम तारखांसह उलगडला तर हा बचाव टिकत नाही. आणि तो वस्तुस्थितीने खरा असता, तरी तर्काच्या कसोटीवर टिकला नसता.

बचावाची बाजू आधी तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. चिस्सोचा मिनामाटातला कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होता आणि त्यासाठी पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरत होता. हा पारा असेंद्रिय होता. रुग्णांची लक्षणे मात्र सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी जुळत होती. एकाचे दुसरे कसे झाले, हे १९५९ साली कोणालाच सांगता येत नव्हते. शिवाय हीच प्रक्रिया जपानमधल्या इतर कारखान्यांतही चालत होती आणि तिथे असा रोग दिसला नव्हता. वीस वर्षे जे सांडपाणी निमूट खाडीत जात होते, ते १९५३ च्या सुमारास एकाएकी जीवघेणे का ठरावे? आणि ज्या विद्यापीठाने अखेर पाऱ्याचे नाव घेतले, त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकामागून एक नावे घेतली होती. दर काही महिन्यांनी गुन्हेगार बदलणाऱ्यांच्या शब्दावर हजारोंना रोजगार देणारा कारखाना बंद करायचा होता काय? हे प्रश्न मूर्खपणाचे नाहीत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

एप्रिल १९५६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला कारखान्याच्याच रुग्णालयात आणले गेले. तिला चालता येईना, धड बोलता येईना, झटके येत होते. काही दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीलाही तीच लक्षणे दिसू लागली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आसपास चौकशी करवली आणि १ मे १९५६ रोजी स्थानिक आरोग्य केंद्राला कळवले की मज्जासंस्थेच्या एका अनोळखी रोगाची साथ आली आहे. ऑगस्टमध्ये कुमामोतो विद्यापीठाचा अभ्यासगट कामाला लागला. ऑक्टोबरपर्यंत ४० रुग्ण सापडले होते आणि त्यांतले १४ दगावले होते. रुग्ण मच्छीमारांच्या वस्त्यांत एकवटलेले होते, घराघरांत होते आणि त्याच वस्त्यांतली मांजरे माणसांच्याही आधीपासून झिंगल्यासारखी भेलकांडत मरत होती. संसर्गाची खूण कुठे आढळेना. नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या नोंदीनंतर सहा महिन्यांत, अभ्यासगटाने सांगितले की ही एखाद्या जड धातूची विषबाधा असावी आणि ती मिनामाटा खाडीतल्या मासे-शिंपल्यांतून होत असावी. १९५७ च्या वसंतात आरोग्य केंद्राचे प्रमुख डॉ. हासुओ इतो यांनी मांजरांना खाडीतली मासळी खाऊ घातली. त्या मांजरांना तोच रोग झाला. म्हणजे १९५७ च्या मध्यावर तीन गोष्टी हाती होत्या. रोग संसर्गजन्य नाही. तो एका ठरावीक खाडीतल्या मासळीने होतो. आणि तीच मासळी दिली की प्रयोगात तो पुन्हा घडवता येतो.

एवढ्यावर काय करता आले असते? कुमामोतो प्रांताने तोच प्रश्न केंद्र सरकारला विचारला: अन्नस्वच्छता कायद्याखाली या खाडीतल्या मासळीवर बंदी घालावी काय? सप्टेंबर १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाचे उत्तर आले की खाडीतले सगळे मासे-शिंपले विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लागू करता येणार नाही. हे उत्तर पुन्हा वाचावे असे आहे. खाडीतला प्रत्येक मासा विषारी असल्याचे सिद्ध करणे कोणालाही, कोणत्याही काळात शक्य नाही. जी अट कधीच पुरी होऊ शकत नाही ती घालायची आणि ती पुरी झाली नाही म्हणून हात वर करायचे, याला सावधगिरी म्हणत नाहीत. लग्नाच्या पंगतीत बासुंदी खाल्लेल्यांना उलट्या होऊ लागल्या, तर कोणता जंतू होता हे कळेपर्यंत कोणी उरलेली बासुंदी वाढत बसत नाही. आधी पातेले उचलतात, तपासणी मागाहून होते. अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा कायदा जगभर याच व्यवहारज्ञानावर उभा आहे, आणि जपानमध्येही होता. शिझुओका प्रांतातल्या हामाना सरोवरात १९४० च्या दशकात शिंपले खाऊन माणसे मेली, तेव्हा विष कोणते हे माहीत नसतानाही त्या शिंपल्यांवर बंदी घातली गेली होती. फरक इतकाच की सरोवराच्या काठी देशाच्या रसायन उद्योगाचा आधारस्तंभ उभा नव्हता. विषाचे नाव माहीत नव्हते हे खरे. पण मासळी थांबवायला विषाचे नाव लागत नव्हते.

आता संशोधकांनी नावे बदलली या आक्षेपाकडे वळू. सांडपाण्यात काय आहे हे कारखान्याला ठाऊक होते. विद्यापीठाने नमुने मागितले तेव्हा ते मिळाले नाहीत. त्यामुळे संशोधकांना रुग्णांच्या लक्षणांवरून, मृतांच्या मेंदूवरून आणि खाडीतल्या गाळावरून उलटा माग काढावा लागला. गाळात मँगनीज, सेलेनियम, थॅलियम सगळेच सापडत होते. पाऱ्याचा विचार सुरुवातीला मागे पडला, कारण एवढा महाग धातू कोणी समुद्रात ओतून देईल हे पटण्यासारखे नव्हते. मार्च १९५८ मध्ये ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ डग्लस मॅकअल्पाइन यांनी रुग्ण पाहून सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी साम्य दाखवले. विकृतिशास्त्रज्ञ तादाओ ताकेउची यांना मृतांच्या मेंदूत जे दिसले ते इंग्लंडमधल्या एका जुन्या वर्णनाशी जुळले. मिथाइल मर्क्युरी हा सेंद्रिय पारा हाताळणाऱ्या कामगारांचे ते वर्णन हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. दृष्टीची कड आकसणे, तोल जाणे, जीभ अडखळणे, सगळे तेच. मग पारा मोजायला सुरुवात झाली आणि कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी, ह्याक्केन बंदरात, गाळात दर टनाला सुमारे २ किलो पारा निघाला. तोंडापासून दूर जावे तसे प्रमाण घटत होते. काही रहिवाशांच्या केसांत ७०५ पीपीएमपर्यंत पारा आढळला. २२ जुलै १९५९ रोजी विद्यापीठाने जाहीर केले की कारण पारा आहे. ज्यांना पुराव्यापासून दूर ठेवले होते, त्यांनी तीन वर्षांत कारण गाठले. उमेदवार तपासायचे, खोटे ठरले की सोडायचे आणि उरलेल्यावर यायचे, ही शोधाची रीतच आहे. तिला धरसोड म्हणणे ही शुद्ध मखलाशी आहे, आणि नमुने दडवणाऱ्याच्या तोंडी तर ती अजिबात शोभत नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये कारखान्याने गाजावाजा न करता सांडपाण्याची वाट बदलली. ह्याक्केनऐवजी ते मिनामाटा नदीच्या मुखाशी सोडले जाऊ लागले. काही महिन्यांत नदीमुखाच्या आणि त्याच्या उत्तरेच्या गावांत, जिथे आधी हा रोग नव्हता तिथे, नवे रुग्ण दिसू लागले. नाला हलवला तसा रोग हलला. एखाद्या प्रयोगशाळेने योजून केला असता तर अमानुष ठरला असता असा हा प्रयोग होता, आणि त्याचा निकाल शिरानुई समुद्राच्या काठावर सगळ्यांना दिसत होता. कारखान्याला तर तो सर्वांत आधी दिसला असणार, कारण वाट कधी आणि कुठे बदलली हे त्यालाच नेमके ठाऊक होते.

होसोकावांचा प्रयोग याच सुमाराचा. ते कंपनीचे नोकर होते, पण जातिवंत वैद्यही होते. खाडीतली मासळी मांजरांना देऊन त्यांनी आधीच बरेच प्रयोग केले होते. जुलै १९५९ मध्ये त्यांनी मधली कडी गाळली. ॲसिटाल्डिहाइड विभागातून निघणारे सांडपाणीच त्यांनी एका धडधाकट मांजराच्या रोजच्या खाण्यावर ओतायला सुरुवात केली. नोंदवहीत या मांजराचा क्रमांक ४०० आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचे मागचे पाय लटपटू लागले, तोंडातून लाळ गळू लागली, झटके येऊ लागले, ते गरगर फिरून भिंतीवर आदळू लागले. महिनाअखेरीस त्याला मारून अवयव तपासणीसाठी क्यूशू विद्यापीठाकडे पाठवले गेले. होसोकावांनी निकाल वरिष्ठांच्या कानावर घातला. त्यावर कंपनीचा हुकूम आला की हे प्रयोग थांबवा. निकाल बाहेर गेला नाही. विद्यापीठाला, आरोग्य खात्याला, मच्छीमारांना, कोणालाही तो कळला नाही. जगासमोर तो आला जुलै १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी रुग्णालयातून न्यायालयाला साक्ष दिली तेव्हा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते वारले.

यावर आक्षेप असा घेतला जातो की एका मांजराने काय सिद्ध होते? शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप रास्त आहे. एका प्राण्यावरचा एक निकाल योगायोग असू शकतो, मांजर आधीपासून आजारी असू शकते, नोंद चुकलेली असू शकते. पण या शंकेचे निरसन कसे करायचे हेही शास्त्रच सांगते: दुसरे मांजर घ्यायचे, तिसरे घ्यायचे, सोबत साध्या खाण्यावर वाढलेली काही ठेवायची. होसोकावांना तेच करायचे होते आणि तेच करू दिले गेले नाही. पुरावा तोकडा आहे म्हणणाऱ्यानेच पुरावा वाढवायला बंदी घातली, तर त्याची शंका प्रामाणिक होती असे मानता येत नाही. पुढच्या काळात कारखान्यात प्रयोगांना पुन्हा मुभा मिळाली, आणखी मांजरे आजारी पडली. पण तेही निकाल कारखान्याच्या भिंतींआडच राहिले. म्हणजे अडचण मांजरांच्या संख्येची कधीच नव्हती.

पर्यायी कारणांची गोष्टही अशीच आहे. १९५९ च्या सप्टेंबरात रसायन उद्योगाच्या संघटनेकडून मत आले की युद्ध संपताना खाडीत बुडवलेल्या स्फोटकांमुळे हे झाले असावे. मग तोक्योतल्या एका प्राध्यापकांनी सांगितले की विष पाऱ्याचे नसून मासळीतल्या अमाइनांचे असावे. पर्याय मांडण्यात गैर काही नाही. विज्ञान त्यावरच जगते. पण पर्यायालाही कसोटी असते. स्फोटकांनी विषबाधा झाली असेल, तर नाला हलवल्यावर रोग का हलला? मासळी कुजल्याने अमाइने तयार होतात, तर जपानच्या इतक्या लांबलचक किनाऱ्यावर नेमक्या याच खाडीतली मांजरे का मरावीत? हे प्रश्न या पर्यायांना कोणी निकराने विचारले नाहीत. पाऱ्याकडे मात्र रेणूरेणूचा हिशेब मागितला गेला. संशय दोन्ही बाजूंना सारखा लावला तर ती चिकित्सा. एकाच बाजूला लावला तर तो वेळकाढूपणा. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञ मंडळाने कारण सेंद्रिय पारा असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या मंडळाचा अभ्यासगट बरखास्त झाला. मासळीत सेंद्रिय पारा आहे इथपर्यंत सरकार आले. तो कुठून आला हा पुढचा प्रश्न विचारायला कोणी उरू नये, अशी तजवीज झाली.

डिसेंबर १९५९ मधल्या दोन घटना या सगळ्यावर प्रकाश टाकतात. कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा थाटात बसवण्यात आली आणि कंपनीच्या अध्यक्षांनी पाहुण्यांसमोर तिच्यातून आलेले म्हणून पेलाभर पाणी पिऊन दाखवले. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्या यंत्रणेतून जातच नव्हते. दुसरी घटना ३० डिसेंबरची. त्या दिवशी रुग्णांच्या कुटुंबांशी 'सहानुभूती रकमे'चा करार झाला: मृतांमागे ३ लाख येन, हयात रुग्णांना वार्षिक तनखा. त्यात दोन कलमे होती. कारखान्याचे सांडपाणी हे कारण नसल्याचे ठरले तर तनखा बंद होईल. आणि तेच कारण असल्याचे ठरले तरी रुग्ण अधिक भरपाई मागणार नाहीत. ज्याला खरोखर काही ठाऊक नसते, तो असा करार लिहीत नाही. दुसरे कलम घालायला निकाल कुठे झुकतो आहे याचा पक्का अंदाज लागतो, आणि या सह्या झाल्या तेव्हा ४०० क्रमांकाच्या मांजराचा निकाल येऊन जवळपास तीन महिने होत आले होते. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हा करार सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला आणि कंपनीचा 'कल्पना नव्हती' हा बचाव फेटाळला. रासायनिक सांडपाणी सोडणाऱ्याने ते निर्धोक आहे याची सतत खातरजमा करायची असते, ते कर्तव्य त्याचे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

राहिला प्रश्न असेंद्रिय पाऱ्याचे सेंद्रिय कसे झाले याचा. त्याचे उत्तर कालांतराने मिळाले. मिथाइल मर्क्युरी समुद्रात नंतर तयार होत नव्हती, ती कारखान्याच्या प्रक्रियेतच तयार होऊन बाहेर पडत होती. १९५१ मध्ये कंपनीने प्रक्रियेतले मँगनीज डायऑक्साइड काढून त्याजागी लोहाचे सल्फाइड आणले होते, उत्पादनही वाढवत नेले होते. वीस वर्षे काही झाले नाही आणि मग एकाएकी का, याचे उत्तर त्यात आहे. दुसरीकडे असे का झाले नाही, याचे उत्तर १९६५ मध्ये आले: निगाता प्रांतात आगानो नदीकाठी, तसाच कारखाना असलेल्या जागी, तोच रोग उद्भवला. कुमामोतो विद्यापीठाच्या कात्सुरो इरुकायामा यांनी तर त्याआधीच कारखान्याच्या गाळातून मिथाइल मर्क्युरी वेगळी काढून दाखवली होती आणि विद्यापीठाने ते फेब्रुवारी १९६३ मध्ये जाहीर केले होते. आता बचावाच्या दाव्याची खरी परीक्षा करता येते. अडलेले होते ते फक्त शास्त्रीय खुलाशासाठी, असे म्हणणे असेल, तर १९६३ मध्ये खुलासा मिळाल्यावर नाला बंद व्हायला हवा होता. तो पाच वर्षे वाहतच राहिला. मे १९६८ मध्ये पाऱ्याची प्रक्रिया थांबली, तीही कालबाह्य झाली म्हणून. एथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड बनवण्याची स्वस्त रीत आली होती. आणि रोगाचे कारण चिस्सोचे सांडपाणी आहे हे सरकारने अधिकृतपणे सांगितले २६ सप्टेंबर १९६८ रोजी, प्रक्रिया थांबल्यावर चार महिन्यांनी. पुरावा आला तेव्हा काही घडले नाही. गरज संपली तेव्हा घडले.

कारखाना बंद केला असता तर शहराचे काय झाले असते, हा आक्षेप भावनेने उडवून लावण्यासारखा नाही. मिनामाटा कारखान्यावर जगत होते आणि रुग्णांना तिथल्याच शेजाऱ्यांचे टोमणे ऐकावे लागले ते त्यामुळेच. पण पर्याय 'कारखाना की मासळी' असा कधीच नव्हता. मागणी होती सांडपाणी थांबवण्याची. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी बंदिस्त फिरवता आले असते, निदान खाडीतल्या मासळीवर बंदी घालून मच्छीमारांना भरपाई देता आली असती. त्याचा खर्च पुढे झाला त्याच्या पासंगालाही पुरला नसता. भरपाईच्या बोजाखाली कंपनी दबली तेव्हा १९७८ पासून प्रांताला रोखे काढून तिला तगवावे लागले. खाडीचा तळ उपसून भर घालण्याचे काम १९७७ ते १९९० चालले आणि दूषित मासळी बाहेर जाऊ नये म्हणून लावलेले जाळे १९९७ मध्ये निघाले. वाट पाहण्यात बचत आहे हा हिशेब चुकला, कारण त्यात ज्यांचे नुकसान होणार होते त्यांचा रकाना कोराच ठेवला होता.

त्या रकान्यात कोणाची नावे होती, हे जन्मलेल्या मुलांनी दाखवले. १९५५ नंतर त्या वस्त्यांत मेंदूला इजा झालेली मुले जन्मू लागली. त्यांनी मासळी खाल्लीच नव्हती, आणि वार विषाला अडवते, ते गर्भापर्यंत पोहोचू देत नाही, असे तेव्हाचे वैद्यक मानत होते. म्हणून त्यांना मिनामाटाचे रुग्ण म्हणायला वैद्यकाची तयारी नव्हती. डॉ. मासाझुमी हारादा यांनी या मुलांचा आणि त्यांच्या आयांचा चिकाटीने अभ्यास केला, शवविच्छेदनांनी त्याला पुष्टी दिली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये हयात असलेल्या १६ मुलांना रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. पुढे जपानी घरांत जपून ठेवल्या जाणाऱ्या वाळलेल्या नाळांतच पारा मोजता आला. कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती पारा होता, याचा आलेख कारखान्याच्या उत्पादनाच्या आलेखाशी जुळत गेला. 'नक्की ठाऊक नाही, म्हणून थांबा' म्हणणारे एक गृहीत धरतात: जे ठाऊक नाही ते कळले, तर धोका कमीच निघेल. अज्ञान दोन्ही बाजूंना झुकू शकते. मिनामाटात ते उलट झुकले. भीती होती त्याहून इजा खोल निघाली, कारण निर्धोक समजलेली वारच विषाला वाट देत होती. अनिश्चितता हे धोका पत्करण्याचे कारण ठरू शकत नाही, आणि तो धोका दुसऱ्याच्या मुलांच्या वाट्याला जाणार असेल तर मुळीच नाही.

होसोकावांबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. त्यांना नायक करण्याचा मोह सोपा आहे, पण अकरा वर्षे ते गप्प राहिले हे झाकता येत नाही. पगार देणाऱ्याशी इमान आणि रुग्णाशी इमान यांत त्यांनी बराच काळ पहिल्याची बाजू घेतली. मात्र सगळा दोष एका डॉक्टरच्या सदसद्विवेकावर टाकणे हीही पळवाटच होईल. व्यवस्था अशी होती की सांडपाणी, प्रयोग, नोंदवही, निकाल आणि निकाल दडवण्याचा अधिकार, सगळे एकाच हातात होते. अशा ठिकाणी सत्य बाहेर येणे कोणा एकाच्या धैर्यावर अवलंबून ठेवणे, म्हणजे ते बाहेर येऊ नये अशीच व्यवस्था करणे.

हे सगळे जपानचे आणि जुने म्हणून बाजूला सारता येणार नाही. ठाणे खाडीच्या आणि उल्हास नदीमुखाच्या गाळात क्लोर-अल्कली उद्योगातून आलेल्या पाऱ्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबईतल्या संशोधकांनी केली आहे; गाळाचे थर त्या वर्षांची खतावणी सांभाळून आहेत. आपल्याकडे या उद्योगाने पाऱ्याचे तंत्र सोडून पडद्याचे तंत्र स्वीकारले, हे चांगलेच झाले. इथे मिनामाटा घडले असा दावा मी करत नाही. तसा पुरावा नाही. पण इथेही सबबी ओळखीच्या आहेत. पाणी तपासले, प्रमाण मर्यादेत आहे, असे सांगितले जाते. मिथाइल मर्क्युरी पाण्यात मोजून काही कळत नाही. ती प्लवकातून लहान मासळीत, तिथून मोठ्या मासळीत चढत जाते आणि शेवटी पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट होऊन ताटात येते. मर्यादा सरासरी खाणाऱ्याला धरून ठरवतात. कोळीवाड्यातले घर दोन्ही वेळा मासळी खाते, ते सरासरीत बसत नाही. मिनामाटातही सर्वांत आधी तेच लोक गेले ज्यांचे पोट आणि ताट दोन्ही खाडीवर होते.

ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९५९ च्या अखेरीस जे माहीत होते तेवढ्यावरच सरकारने आणि प्रांताने सांडपाणी थांबवायला हवे होते. त्यासाठी लागणारे पाण्याच्या दर्जाचे कायदे डिसेंबर १९५८ मध्येच झालेले होते आणि ते न वापरणे बेकायदा होते. निकाल यायला पंचेचाळीस वर्षे लागली, पण त्याने 'तेव्हा ठाऊक नव्हते' या सबबीचा पाया काढून घेतला. किती पुरावा पुरे, हा प्रश्न केवळ शास्त्राचा नसतो. चूक झाली तर किंमत कोणी मोजायची, याचा निर्णय त्यात आधीच घेतलेला असतो. तो निर्णय उघडपणे घ्यायचा तर तीन गोष्टी कायद्यानेच मिळायला हव्यात. नाल्याच्या तोंडाशी नमुना घेण्याचा अधिकार बाहेरच्या संशोधकाला असला पाहिजे. कारखान्याने स्वतःच्या सांडपाण्यावर केलेल्या प्रत्येक चाचणीचा निकाल, अनुकूल असो वा नसो, ठरावीक मुदतीत सार्वजनिक झाला पाहिजे. आणि मासळी खाऊन माणसे किंवा जनावरे आजारी पडत आहेत एवढे दिसताच, विषाचे नाव कळण्याची वाट न पाहता, विक्री थांबून मच्छीमारांना भरपाई सुरू झाली पाहिजे. यांतली कोणतीही गोष्ट उद्योगाच्या मुळावर येणारी नाही. ज्याचे सांडपाणी खरोखर निर्धोक आहे, त्याला या तिन्हींनी काहीच गमवावे लागत नाही. उलट त्याच्यावरचा संशय फिटतो. विरोध करणाऱ्याने आपले काय जाणार आहे ते आधी सांगावे, आणि त्याचे उत्तर ऐकूनच त्याच्या पुढच्या शंकांना किती वजन द्यायचे ते ठरवावे.